सही करण्याआधी

चि. बाळास,


तुझा फोन मध्येच तुटला. तेवढ्यात तू तीन गोष्टी विचारल्यास. युनिटबाहेरचा एक जण टॅक्सचा रिफंड काढून देतो म्हणतोय, त्याला फॉर्म सोळा द्यावा का? कर वाचवायला कोणती पॉलिसी घ्यावी? आणि गावाकडं हायवेलगत दोन गुंठे निघालेत, त्याचा इसार दादांनी देऊन टाकावा का? तिन्हींचं उत्तर ‘नको’ एवढंच आहे. पण का नको हे कळल्याशिवाय समोरच्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं तुला जमणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. पत्र सूनबाईलाही वाचायला दे. निम्मं तिच्यासाठीच आहे.

फौजेत मी जेवढी माणसं पैशानं बुडताना पाहिली, त्यांतली फार थोडी पगार कमी म्हणून बुडाली. बाकीची बुडाली ती सुट्टीच्या घाईत केलेल्या सहीमुळं, नाहीतर वर्षानुवर्षं राहून गेलेल्या सहीमुळं. तुझ्या तिन्ही प्रश्नांत पहिली जात आहे. दुसरीबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, आणि मला खरी काळजी तिचीच आहे.

आधी रिफंडवाला. पगाराची स्लिप समोर ठेव. तुझा मूळ पगार ३३,३००, मिलिटरी सर्व्हिस पे (एमएसपी) ५,२००, आणि दोन्हींवर जुलै २०२५ पासूनचा ५८ टक्के डीए. महिन्याला ६०,८३० झाले, वर्षाला सात लाख तीस हजारांच्या आसपास. नव्या करपद्धतीत आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागत नाही, आणि पगारदाराला ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन वरून मिळतं. म्हणजे वर्षाला बारा लाख पंचाहत्तर हजार पगार होईपर्यंत तुला एक रुपयाही कर नाही. उद्या सियाचीनला गेलास आणि तिथला भत्ता वर्षभर मिळाला, तरी तू या रेषेच्या आतच राहतोस. आता सांग, पीएओनं, म्हणजे पगार काढणाऱ्या कार्यालयानं, कर कापलाच नसेल तर हा माणूस परत काय आणून देणार? आणि चुकून कापला गेला असेल, तर साधं रिटर्न भरल्यावर तो सरळ तुझ्या खात्यात येतो. त्यात कुणाला वीस टक्के कमिशन द्यायची गरज नाही.

तरी काही जणांना पन्नास-साठ हजार मिळाले, असं तू म्हणालास. मिळाले असतील. ज्या वर्षी कर कापला गेला होता त्या वर्षाचं रिटर्न ही मंडळी जुन्या पद्धतीत भरतात आणि त्यात तू कधी न दिलेली राजकीय पक्षाची देणगी, न काढलेलं शैक्षणिक कर्ज, न भरलेला वैद्यकीय विमा दाखवतात. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्यानं अशाच खोट्या वजावटींच्या मागे देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली. एजंटांनी फक्त रिटर्न भरण्यापुरते ईमेल उघडले होते आणि नंतर सोडून दिले होते. खात्याच्या नोटिसा तिथंच न वाचता पडून राहिल्या. जाणूनबुजून खोटी माहिती दिली असं ठरलं तर मूळ कर व्याजासह भरावा लागतोच, वर त्या कराच्या दुप्पट दंड. पॅन तुझा, खातं तुझं, म्हणून जाबही तुलाच द्यावा लागतो. कमिशन घेतलेला माणूस तोवर दुसऱ्या छावणीच्या गेटवर बसलेला असतो. तुझ्या युनिटमधल्या ज्यांनी असं रिटर्न भरलंय, त्यांना सांग की नोटीस यायच्या आधी अपडेटेड रिटर्न भरून पैसे स्वतःहून परत करता येतात. त्याला आता चार वर्षांपर्यंत मुदत आहे, पण जितका उशीर तितका जादा कर.

तुझं रिटर्न तू स्वतः भर. फक्त पगार आणि बँकेचं व्याज असणाऱ्यासाठी ‘सहज’ नावाचा फॉर्म आहे, आयकर खात्याच्या साइटवर फुकट भरता येतो. फॉर्म सोळा आणि एआयएसमधले, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुझ्या उत्पन्नाच्या नोंदीतले, आकडे जुळतात का ते पाहा. मोबाइल नंबर आणि ईमेल तुझाच ठेव, पासवर्ड कुणाला देऊ नकोस. फील्डमध्ये नेट नसतं हे मला ठाऊक आहे. म्हणून हे काम ३१ जुलैच्या तोंडावर न ठेवता जून-जुलैत पहिल्यांदा जिथं रेंज मिळेल तिथं उरकून टाक. आणखी एक लक्षात ठेव. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले. ऐंशी-सी, ऐंशी-डी अशी जुनी नावं घेऊन कुणी घाबरवायला लागला तर त्याच्याकडून नवीन कलम लिहून माग.

सिनियर सांगतील की फील्डचा भत्ता करमुक्त असतो. ते अर्धं खरं आहे. २०२५-२६ पर्यंतच्या नियमांत फील्ड एरियाचे महिना २,६००, हायली अॅक्टिव्हचे ४,२००, काउंटर इन्सर्जन्सीचे ३,९००, हाय अल्टिट्यूडचे उंचीप्रमाणे १,०६० किंवा १,६०० एवढीच रक्कम सुटत होती, आणि तीही जुन्या पद्धतीतच. नव्या पद्धतीत ही सूट नाही. ज्या अधिकाऱ्यांचा पगार तेरा लाखांच्या वर जातो, त्यांनी दोन्ही पद्धतींची बेरीज मांडून बघावी. तुला त्यात पडायचं कारण नाही.

मात्र शेअरची गोष्ट वेगळी. बारा लाखांची ती सवलत शेअर विकून झालेल्या नफ्याला लागू नाही. वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर वीस टक्के कर आहे. आणि बंकरमध्ये बसून मोबाइलवर ऑप्शन खेळणारी जी पोरं आहेत, त्यांना सेबीचा आकडा सांग: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमधल्या दर शंभर किरकोळ व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ जण तोट्यात गेले. शिवाय तो धंद्याचा हिशेब धरला जातो, तिथं ‘सहज’ चालत नाही. तू या वाटेला जाऊ नकोस. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही.

आता पॉलिसी. कर लागतच नाही तर कर वाचवायला पॉलिसी कशाला? ती विकणाऱ्याच्या बोलण्याचा पायाच इथं निघून जातो. विमा हवा तो माणूस गेल्यावर घर चालावं म्हणून. आर्मी ग्रुप इन्शुरन्स तुझ्या पगारातून कापला जातो, तो तुझा मूळ विमा. त्याच्या वर्गणीतला एक भाग बचतीचा असतो, तो निवृत्तीला परत मिळतो. पगाराचं खातं ज्या बँकेत आहे, तिच्या डिफेन्स पॅकेजमध्ये अपघात विमा असतो. त्याची रक्कम किती आणि कारवाईत मृत्यू झाला तर लागू आहे का, हे बँकेकडून लेखी घे. याउपर वाटलं तर एक साधा टर्म विमा घे, आणि घेताना प्रपोजलमध्ये तुझी नोकरी आणि पोस्टिंग स्पष्ट लिही. लपवलंस तर क्लेम अडतो. पैसे परत मिळणाऱ्या, बोनस देणाऱ्या पॉलिसींचे हप्ते भरता भरता कित्येक जवानांची खरी बचत खुंटलेली मी पाहिली आहे.

बचतीला तुझ्या हाताशी एएफपीपी फंड, म्हणजे फौजेचा प्रॉव्हिडंट फंड, आहे. त्यावर सध्या ७.१ टक्के व्याज मिळतं, आणि वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या वर्गणीवरचं व्याज करमुक्त असतं. कमीत कमी सहा टक्के कापून घ्यावेच लागतात, म्हणून सगळे सहाच कापतात. तू तिथं थांबू नकोस. दर वेळी डीए वाढला की वाढीतला अर्धा भाग फंडात लाव, म्हणजे घरखर्चाला ते जाणवणार नाही. पोरीच्या नावानं सुकन्या समृद्धी उघड. सध्या ८.२ टक्के आहेत, पैसे पंधरा वर्षं भरायचे आणि मुदत एकवीस वर्षांची. त्याशिवाय महिन्याला दोन-तीन हजारांची इंडेक्स फंडाची एसआयपी चालू केलीस तर माझी हरकत नाही, पण ती पंधरा वर्षं हात लावायचा नाही एवढं मनाशी ठरवून. आणि सहा महिन्यांचा घरखर्च सूनबाईच्या हाती लागेल अशा खात्यात पडून असू दे. तू पोस्टवर असताना तिला पैशासाठी दादांकडं किंवा कुणाकडंही हात पसरायला लागू नये.

दोन गुंठ्यांबद्दल थोडं कडक लिहितो. महाराष्ट्रात तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकणं त्यानं रोखलंय. अलीकडं काही भागांपुरत्या सवलती आल्यात आणि त्यांच्या नावावर दलाल वाट्टेल ते विकतायत. तुला जो कागद दाखवला तो नोटरी केलेला साठेखताचा कागद आहे. नोटरी म्हणजे तुम्ही त्या दिवशी सही केलीत एवढाच पुरावा; त्यानं जमीन तुझी होत नाही. दुय्यम निबंधकाकडं खरेदीखत नोंदवलं जाईपर्यंत तू मालक नाहीस, आणि सातबाऱ्यावर तुझ्या नावाचा फेरफार होईपर्यंत काम पुरं झालं असं समजू नकोस. माझ्याबरोबरच्या एका हवालदारानं सुट्टीचे शेवटचे दोन दिवस राहिले असताना असाच प्लॉट घेतला. पुढं त्याच प्लॉटचे आणखी दोन मालक निघाले. निवृत्तीनंतरची पहिली काही वर्षं त्याची कोर्टात गेली. फौजीची सुट्टी संपत आली की भाव आणि घाई दोन्ही वाढतात, हे दलालांना पाठ असतं. एनए आदेश, मोजणी, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, सगळं वकिलाकडून तपासून घे, आणि ते एका सुट्टीत होत नसेल तर पुढच्या सुट्टीत. दादांना कुलमुखत्यारपत्र द्यायचं झालंच तर ते त्या एका व्यवहारापुरतं दे. भाऊबंदांच्या कर्जाला जामीन राहू नकोस. वाईटपणा माझ्यावर ढकल. ‘काकांनी बजावून सांगितलंय’ म्हण.

आता ज्याबद्दल तू विचारलं नाहीस ते.

तुझ्या लग्नाला दोन वर्षं होऊन गेली, पोरगी पाच महिन्यांची झाली. लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सर्व्हिस रेकॉर्डला चढणारी नोंद, निघाली का? मुलीच्या जन्माची निघाली का? घरच्यांची नावं असणाऱ्या किंड्रेड रोलमध्ये दोघींची नावं चढली का? ‘क्लार्ककडं दिलंय’ हे उत्तर मला चालणार नाही. पार्ट टूचा नंबर आणि तारीख लागते. निवृत्तीनंतर मी गावातल्या विधवा बहिणींचे कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि रेकॉर्ड ऑफिसच्या पत्रव्यवहारात बराच काळ घालवला आहे. बहुतेक प्रकरणांत सरकारनं पैसे नाकारलेले नव्हते. कुठं नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि सर्व्हिस रेकॉर्डला एक, कुठं जन्मतारीख चुकलेली, कुठं लग्नाची नोंदच नाही, कुठं नॉमिनेशनला अजून भरतीच्या दिवशी लिहिलेलं आईचंच नाव. माणूस असता तर एका अर्जात झालं असतं असं काम, तो नसताना त्या बाईला तहसीलचे दाखले, प्रतिज्ञापत्रं आणि वर्ष-वर्षभराच्या वाटेवर नेतं. नाव दुरुस्त करायचं ते तुझ्या हयातीत, तुझ्या सहीनं.

ग्रुप इन्शुरन्स, फंड, बँक खातं, डिमॅट, प्रत्येकाचं नॉमिनेशन वेगळं असतं. एकीकडं बदललं म्हणून दुसरीकडं आपोआप बदलत नाही. फॅमिली पेन्शन नियमानं पत्नीला जाते. पण ग्रुप इन्शुरन्सच्या नॉमिनेशनमध्ये पत्नी आणि आईवडील असे वाटे टक्केवारीनं लिहिता येतात, आणि ते तू विचार करून लिहावंस असं मला वाटतं. आईबापांनी तुला वाढवलं, सूनबाईला पुढचं सगळं आयुष्य काढायचंय आणि पोरगी वाढवायचीय. दोघांनाही आधीच सांगून टाक की कुणाला किती. जवान गेल्यावर सासू-सुनेत जे वाद पेटतात, ते बहुधा या एका गोष्टीवर कुणीच काही बोललेलं नसतं म्हणून पेटतात.

आणि मृत्युपत्र कर. प्रत्यक्ष युद्धात किंवा मोहिमेवर असलेल्या सैनिकाला भारतीय वारसा कायद्यानं खास सवलत दिलेली आहे. त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं मृत्युपत्र साक्षीदारांशिवायही चालतं. पण त्या सवलतीवर विसंबून राहू नकोस. सुट्टीत एक पान लिही, दोन साक्षीदारांच्या सह्या घे आणि एक प्रत सूनबाईकडं ठेव. हे लिहिताना माझाही हात जड होतो. तरी लिहितो, कारण जवान कारवाईत शहीद झाला तर लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन त्याच्या शेवटच्या वेतनाइतकी पूर्ण मिळते आणि ती करमुक्त असते. एवढी मोठी तरतूद केवळ एका न निघालेल्या पार्ट टूपायी अडून राहू नये.

पंधरा वर्षं झाली की निघतो, असं तू गेल्या दिवाळीत म्हणालास. जवानाला पंधरा वर्षांच्या सेवेवर पेन्शन लागते, शेवटच्या वेतनाच्या निम्मी. तू तेव्हा पस्तिशीच्या आसपास असशील, पोरगी शाळेत असेल, आणि शाळा-कॉलेजचा सगळा खर्च पुढं असेल. निम्म्या पगारात तो कसा भागणार ते आत्ताच कागदावर मांड. निवृत्त होताना कम्युटेशनचा प्रश्न येईल. फौजेत निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते. समज पेन्शन वीस हजार बसली आणि तू दहा हजार विकलेस, तर हातात साधारण नऊ वर्षांची रक्कम, म्हणजे पावणेअकरा लाखांच्या आसपास करमुक्त येते, आणि पंधरा वर्षं महिना दहा हजार कापले जातात. हिशेब काढलास तर हे साडेसात टक्क्यांच्या कर्जासारखं पडतं. महागाई भत्ता मात्र पूर्ण पेन्शनवरच मिळत राहतो, आणि मधेच माणूस गेला तर कुटुंबाच्या पेन्शनमधून ही कपात होत नाही. म्हणून कम्युटेशन वाईट असं मी म्हणणार नाही. घर बांधायला घे, महागडं कर्ज फेडायला घे. मेव्हण्याच्या हॉटेलात भागीदारी करायला किंवा महिन्याला पाच टक्के देणाऱ्या कुणाकडं ठेवायला घेऊ नकोस. निवृत्तीचा पैसा कधी येणार हे गावात तुझ्याआधी दुसऱ्यांना कळलेलं असतं.

तुझ्या धाकट्या भावाचं गणित पूर्ण वेगळं आहे आणि त्याला ते अजून उमगलेलं दिसत नाही. अग्निवीराला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, नोकरीत असेपर्यंतचा ४८ लाखांचा विमाही बाहेर पडल्यावर संपतो. चार वर्षं त्याच्या पगारातले तीस टक्के आणि सरकारचे तेवढेच मिळून सेवा निधी होतो, व्याजासकट सुमारे ११.७१ लाख, करमुक्त. जास्तीत जास्त पंचवीस टक्के पोरांना कायम केलं जातं. आपला त्यात असेलच असं धरून चालू नये. त्यानं बारा लाखांची गाडी बघून ठेवलीय असं वहिनी सांगत होत्या. त्याला माझं नाव घेऊन सांग, ती रक्कम त्याच्या पुढच्या नोकरीपर्यंतच्या दिवसांची आणि शिक्षणाची आहे. दोन वर्षांचा खर्च बँकेत मुदतठेवीत बाजूला काढायचा, पदवीचं शिक्षण आत्तापासूनच सुरू करायचं, केंद्रीय पोलीस दलांतल्या अग्निवीरांसाठीच्या राखीव जागांची तयारी शेवटच्या वर्षाआधी करायची. आत्ता हातात येणाऱ्या पंचवीस हजारांतून तो दहा जरी बाजूला टाकत असेल तरी पुष्कळ झालं.

आठव्या वेतन आयोगाच्या गप्पा तुमच्या बराकीत रोज चालत असतील. न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेलाय. थकबाकी मिळेल तेव्हा मिळेल. तिच्या भरवशावर कॅन्टीनमधून हप्त्यानं काही उचलू नकोस. ती एकदम हातात आली आणि त्या वर्षीचं उत्पन्न बारा-पंचाहत्तरच्या वर गेलं, तर मागच्या वर्षांच्या थकबाकीवरच्या करात सवलत मागता येते. त्यासाठी रिटर्नच्या आधी वेगळा फॉर्म भरावा लागतो, तेवढं तेव्हा विचार.

दादांना मी आजच भेटतो आणि इसाराचे पैसे देऊ नका म्हणून सांगतो. सूनबाईनं लग्नाचा दाखला, पोरीचा जन्मदाखला आणि दोघींची आधार कार्डं काढून ठेवावीत. नावांचं स्पेलिंग सगळीकडं एकच आहे का ते मी स्वतः बघतो. तू मात्र या आठवड्यात क्लार्ककडं जा, अर्जाची पोच घे, आणि दोन्ही पार्ट टूचे नंबर मला कळव.

तुझा,
काका

ता. क. : रिफंडवाल्याला पॅन आणि आधारची झेरॉक्स आधीच दिली असशील तर लपवू नकोस. पहिल्यांदा आयकर खात्याच्या साइटवरचा पासवर्ड बदल, तिथं नोंदलेला मोबाइल आणि ईमेल तुझाच आहे का तपास, आणि तुझ्या नावानं एखादं रिटर्न आधीच भरलं गेलंय का ते बघून मला फोन कर.